नुसत्या पंख्याचं घर
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला धाकट्या भावाच्या हुडकेश्वरच्या नव्या घराची वास्तुशांती आठवते. आमच्या दोघांची घरं बांधणारा ठेकेदार एकच. मी घासाघीस करून त्याचा भाव पाडला. भावाने मात्र उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून मधे पोकळी ठेवून दुहेरी भिंती बांधून घेतल्या. माझ्यापाशी ठेकेदाराने अशा भिंतींचं नावही काढलं नव्हतं. भर मे महिन्यातली पंगत उठली आणि आई तिथे नुसत्या पंख्याखाली गाढ झोपली. संध्याकाळी तिला माझ्या घरी परत न्यायला मी गाडी काढली, तर म्हणाली, "तू जाय गा. तुह्या घरी कूलर घुरघुरते, मले झोप येत नाही." ज्याला मी शिकवलं तो भाऊ हसला, "दादा, तू बी येत जाय झोपाले." आज माझे दोन कूलर सुरू आहेत, बिल मी भरतो, आणि आई त्याच्याच घरी झोपते.