बोटीवरचं ‘अहो’

नव्वदच्या दशकातला मे महिना. सिडनीत पानगळ सुरू झाली होती आणि आम्ही चौघं वर क्वीन्सलंडला, व्हिटसंडेच्या बेटांत शिडाची बोट घेऊन हिंडत होतो. सीझन संपल्यामुळे गर्दी अशी नव्हतीच. चौघं म्हणजे मी, हे, ह्यांची कॉलेजातली मैत्रीण आणि तिचा नवरा. तो वसईचा, त्यामुळे सुकाणू त्याच्याकडे. हिरवंनिळं पाणी, बेटांमागून बेटं, सगळं बघत राहावं असं. मी मात्र तिच्याकडेच बघत होते.

ती ह्यांना ‘अरे’ म्हणायची. “अरे, दोरी धर ना, झोपलास काय?” असं. आणि हे हसायचे, मोठ्यांदा. सिडनीत, वेंटवर्थव्हिलच्या आमच्या घरात हे हसू मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ओळखीच्या सगळ्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारायच्या, माझं मात्र सासूबाईंनी लावलेलं ‘अहो’ काही सुटत नव्हतं. तिचं आणि ह्यांचं काही होतं, असं मी म्हणत नाही. नव्हतंच. तेच तर खुपायचं! काही असतं तर भांडता तरी आलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका बेटाला वळसा घालताना वारा अचानक मागून आला. शिडाच्या खालचा आडवा दांडा, त्याला बूम म्हणतात, तो गर्रकन फिरला. हे नेमके त्याच्या वाटेत उभे, पाठमोरे. सगळ्यात आधी मी पाहिलं. शपथेवर सांगते, मी! आणि ओरडले काय, तर, “अहो, ऐकलंत का, जरा खाली—”

“अरे, बस!” ती ओरडली.

हे मटकन बसले. बूम डोक्यावरून गेला.

मग काय, तिचंच कौतुक. “आज वाचवलंस बाई,” हे तिला म्हणाले. तिचा नवरा मला म्हणाला, “नो वरीज, वहिनी, पण बोटीवर एवढं लांबलचक नाही चालत.” सगळे हसले. मीही हसले, पण आत नुसता जळफळाट. माझ्या नवऱ्याला वाचवायचा शब्द माझ्याजवळ नाही, तिच्याजवळ!

संध्याकाळी एका खाडीत नांगर टाकला. ती पुढच्या केबिनमध्ये कपडे बदलत होती, तिचा नवरा गळ टाकून बसला होता, हे वर डेकवर दोऱ्या गुंडाळत होते. मी खाली चहाचं आधण ठेवलं आणि ठरवलं, आज म्हणायचंच. दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. वाटलं, हे आधी चमकतील, मग हसतील, तसंच मोठ्यांदा. डोक्यावरच्या उघड्या झडपेकडे तोंड करून मी ओरडले, “अरे, चहा घेणार का तू?”

“घेणार ना!” वरून ह्यांचा आवाज आला, मोकळा, हसरा. “पण तूच कर गं. हिच्या चहाचा नुसता पाक असतो.”

‘अरे’ ऐकलं म्हणजे तीच, असं ह्यांनी धरलं होतं. आणि माझा चहा नऊ वर्षं हूं की चूं न करता पीत आले होते. मला एकदाही बोलले नव्हते.

मी चहा गाळला. कप भरले आणि ह्यांच्या, नाही, त्याच्या कपात आणखी तीन चमचे साखर घातली.