आक्कांनी मला विचारायला पाठवलं होतं

आक्का मुलींवर कधी हात उगारत नसत, पण एकीलाही स्वतःची वेणी स्वतः घालू देत नसत. खालापूरजवळच्या आमच्या महिला आश्रमात रोज सकाळी पडवीत पाटावर बसायच्या आणि पोलिसांनी नाहीतर घरच्यांनी ‘सुधारायला’ आणून सोडलेल्या बायकांची डोकी एकेक करून पुढ्यात घ्यायच्या. हात मायेचा, पण वेणी अशी घट्ट की दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. मी तिथं शिवण शिकवायचे. माझीही वेणी त्याच घालत.

भिमीला आणलं तेव्हा तिचे केस बोटभरही नव्हते. तेविशीची, वरच्या ठाकूरवाडीतली. कशेळ्याच्या बाजारात सदरा-चड्डी घालून पुरुषांत हमाली करायची. भावानंच तक्रार दिली. कागदावर भिमी, स्वतः सांगायची भिवा. आक्का त्या खुंटांवरही रोज तेल चोळत. म्हणत, ‘‘बाई आधी बाईसारखी दिसू दे गं, मग काय हवं ते करू दे.’’ आणि खरंच, लुगड्याचा काष्टा मारून आश्रमाच्या खाचरात नांगर धरायला त्यांनीच तिला दिला. तिला ताप भरला तेव्हा तीन दिवस उशाशी बसून होत्या.

मुली चिडवायच्या, ‘‘भिवाभाऊ, जरा चूल फुंका की!’’

‘‘तुझी जीभ घाल गं, आपसूक पेटंल.’’

आक्का तोंडाला पदर लावून हसायच्या.

रविवारी आश्रमात स्थळं यायची. मुलीनं नुसती मान डोलावलेली आक्कांना चालत नसे. ‘‘मुका होकार मला नको. आणि मी विचारलं तर घाबरून हो म्हणतात. तू विचार.’’ म्हणून त्या मला पाठवत.

पोशीरचा एक विधुर भिमीला पसंत करून गेला. मागच्या पायरीवर मी तिला विचारलं.

‘‘मला लगीन नको. आक्काला सांग, मी पळायचा नाय. हितंच नांगर धरतो, जल्मभर.’’

मी आत आले. आक्का उभ्याच होत्या. मी म्हटलं, ‘‘हो म्हणाली.’’

माणूस बरा होता, जमीन होती, आक्कांचा हिरमोड झाला असता. अशी कारणं मी पुष्कळ वर्षं वापरली. खरं एवढंच, की ती चिखलात नांगर धरायची तेव्हा मी शिवण टाकून खिडकीशी उभी राहायचे, आणि माझं मलाच भय वाटायचं. ती तिथून गेलेली मला हवी होती.

आपला नकार ऐकूनही आक्कांनी आपल्याला देऊन टाकलं, असंच तिला वाटलं असणार. लग्नात ती एका शब्दानं भांडली नाही.

दोन महिन्यांनी ती चालत परत आली. केस पुन्हा कापलेले.

‘‘तू स्वतः हो म्हणालीस, भिमे,’’ आक्का दारातूनच म्हणाल्या. ‘‘आता असं कसं चालेल?’’

तिनं आक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सुईत दोरा ओवत राहिले.

‘‘आसंल,’’ ती म्हणाली आणि वळली. पोशीरला ती पोचली नाही. वाडीतही नाही.

आक्का वारल्या त्या वर्षी मी त्यांना भेटायला कर्जतला त्यांच्या पुतण्याकडे गेले. माझा हात धरून म्हणाल्या, ‘‘ती खरंच हो म्हणाली होती ना गं?’’

‘‘हो, आक्का.’’

त्यांनी डोळे मिटले. ‘‘मग माझ्या हातून काही वावगं झालं नाही.’’

गाडीची वेळ झाली असं सांगून मी उठले. गाडीला अजून दोन तास होते.