डीलिया स्केहिलचं उघडं दार

बॅलिड्रीन गावात एखादी प्रेतयात्रा मेन स्ट्रीटवरून निघाली की दोन्ही बाजूंची दुकानं मिटत जायची. दार लोटायचं, खिडकीचा पडदा खाली ओढायचा, आतल्या गिऱ्हाइकानं टोपी काढून गप्प उभं राहायचं. शवगाडी पुढं गेली की दार पुन्हा उघडायचं. मेलेला माणूस मोठा असो की बाजारात डुकरं हाकणारा असो, त्याला एवढा मान मिळायचाच. गावात बाजार भरू लागला तेव्हापासूनची ही रीत होती, आणि ती कोणी मोडल्याचं जुन्या लोकांनाही आठवत नव्हतं. अपवाद एकच होता, आणि तो डीलिया स्केहिलच्या बापाच्या वाट्याला आला.

बार्टली स्केहिल घोड्यांचे साज शिवायचा. हाताला कसब होतं, जिभेला लगाम नव्हता. एकदा बाजारघरासमोर भर गर्दीत तो म्हणाला की मायलस लाव्हेलची वजनं हलकी आहेत. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण बोलणारा तो एकटा. लाव्हेल गावातला सगळ्यात मोठा व्यापारी. पीठ, चहा, खिळे, बियाणं सगळं त्याच्याकडेच मिळायचं, आणि गावातले छोटे दुकानदार मालासाठी त्याच्याच दाराशी उभे राहायचे. त्यानंतर बार्टलीकडे साज शिवायला येणारे लोक एकेक करून कमी झाले. दोन हिवाळ्यांनी तो छातीच्या दुखण्यानं गेला.

त्याला पुरायला नेलं तो दिवस डुकरांच्या बाजाराचा होता. डीलिया तेव्हा सतरा वर्षांची होती आणि आईचा हात धरून गाडीमागून चालत होती. लाव्हेलच्या दुकानासमोर स्टेशनावरून आलेल्या पिठाच्या गाड्या आडव्या लागल्या होत्या, म्हणून शवगाडी थांबली. कोणीतरी आत जाऊन त्याला सांगितलं. लाव्हेल पांढरा एप्रन लावून दारात आला, त्यानं शवपेटीकडे पाहिलं, टोपीला हातही लावला नाही, आणि मागं वळून मोठ्यानं विचारलं, "हं, पुढची बाई कोण? काय देऊ?"

पोती उतरून होईपर्यंत बार्टली स्केहिल रस्त्यात ताटकळला. आजूबाजूच्या दुकानदारांनी दारं अर्धी लोटली होती. त्यांनी लाव्हेलकडे पाहिलं आणि ती पुन्हा उघडली. पुढचा सगळा रस्ता बार्टली उघड्या दारांमधून आणि डुकरांच्या ओरडण्यातून गेला. डीलियाची आई रडली. डीलिया रडली नाही. तिनं डूख धरला.

ती शेजारच्या मोठ्या गावात कापडदुकानात काम शिकली. बोलण्यात गोड आणि मापाला चोख, म्हणून तिथल्या मालकिणीनं तिला ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. एका शाळामास्तरानं मागणीही घातली. तो बॉस्टनला भावाकडे जाणार होता. डीलियानं दोघांनाही नकार दिला, बॅलिड्रीनला परतली आणि लाव्हेलच्या दुकानाच्या बरोबर समोर एक अरुंद घर भाड्यानं घेऊन कापडदुकान थाटलं. लोकांना वाटलं, पोरगी धीट आहे. शेजारच्या दारूच्या दुकानाचा मालक जार्लथ टारपी तेवढा ओळखून होता. शाळामास्तराचं कळल्यावर त्यानं तिला समजावलं, की बाई, सुखाचं ताट पायानं का लोटतेस? ती म्हणाली, "मायलस लाव्हेल माझ्या दारावरून आडवा गेल्याशिवाय मी या गावातून हलत नाही."

लाव्हेलला काही घाई नव्हती. वर्षं गेली. विजेचे दिवे आले, अर्धी तरुण पोरं इंग्लंडला गेली, साज शिवणारे संपले आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारे आले. एवढ्या काळात रस्त्यावरून निघालेल्या प्रत्येक प्रेतयात्रेला सगळ्यात आधी दार लोटायची ती डीलियाच. लाव्हेलची बायको गेली तेव्हाही तिनं पडदा ओढला आणि मान खाली घातली. तिला आपली बाजू स्वच्छ ठेवायची होती. या बाईनं कधी कोणासाठी दार उघडं ठेवलं, असं विचारलं तर उत्तरात एकच नाव यावं.

शेवटी लाव्हेलनं अंथरूण धरलं. त्याची वरच्या मजल्यावरची खिडकी डीलियाच्या दुकानावर उघडायची. ती रोज सकाळी काच पुसताना वर पाहायची, आणि तोही उशीला टेकून खाली पाहायचा. महिने लोटले तरी म्हातारा जाईना.

"डीलिया, अगं तो तुझ्यामुळंच जगतोय," जार्लथ म्हणाला. "तुला मजा मिळू नये म्हणून मरत नाहीये."

"जगू दे," ती म्हणाली. "मी दुकान नीट चालवतेय."

तिच्या मनातलं गावाला कळलं होतंच. फादर क्विर्क येऊन बसले, चहा घेतला आणि क्षमेबद्दल बराच वेळ बोलले. डीलियानं ऐकून घेतलं. क्षमा करायला आपली ना नाही, म्हणाली, फक्त लाव्हेलनी माझ्या दारात येऊन मागावी, मी खुर्ची देईन. फादरनी निरोप पोचवला असावा. कारण दुसऱ्या दिवशी तिनं काच पुसायला घेतली तेव्हा समोरच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता.

मार्च महिन्यात लाव्हेल गेला. मयताला घालायचा तपकिरी झगा गावात डीलियाकडेच मिळायचा. लाव्हेलकडची मोलकरीण न्यायला आली तेव्हा डीलियानं चांगल्या शिवणीचा निवडून दिला. कापडात खोट ठेवायची तिची इच्छा नव्हती.

एकच अडचण होती. बापाला नेलं त्या दिवशी लाव्हेलचं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं, म्हणून तर तो अपमान सगळ्यांना दिसला. तिचं दुकान नुसतं उघडं राहिलं आणि आत कोणी नसलं, तर ती वेडी म्हातारी दिसणार. त्या वेळी खरेदीला याल का, असं तिनं दोघीतिघींना विचारून पाहिलं. शिवी खायची कोणाची तयारी नव्हती. मग तिनं ठरवलं की आपणच कापड मोजत उभं राहायचं.

पाऊस भुरभुरत होता. चर्चकडून शवगाडी आली तसा रस्ता मिटत आला, जार्लथचं दारही लागलं. डीलियाचं दार सताड उघडं होतं आणि दिवे लावलेले होते. मेलेल्याच्या घरासमोर शवगाडी क्षणभर थांबवायची रीत आहे. गाडी लाव्हेलच्या दुकानासमोर, म्हणजे डीलियाच्याही दुकानासमोर थांबली. डीलियानं गजपट्टी उचलली आणि कापड उलगडलं. लोकांच्या माना वळल्या.

तेवढ्यात गाडीमागून लाव्हेलची मुलगी अट्रॅक्टा निघाली, रस्ता ओलांडून सरळ दुकानात आली. बापाचं दुकान आता तीच चालवत होती.

"काळे हातमोजे दाखवा," ती म्हणाली.

पोरगी अगदी बापावर गेली होती. आता हाकलून द्यायचं तर दुकान बंद आहे असं म्हणावं लागणार. हातमोजे दिले तर गाव म्हणणार की शोक करणारीला वस्तू हवी होती, म्हणून बिचारीनं दार उघडं ठेवलं. दोन्हीकडून सूड हातातून जात होता.

मग तिनं बाहेर पाहिलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं. फादर प्रार्थनेचं पुस्तक कोटाखाली धरून उभे होते. मुलगी आत आहे तोवर गाडी हलणार नव्हती.

"बसा ना," डीलिया म्हणाली आणि खुर्ची पुढं केली. "लोकरीचे दाखवू की कातड्याचे?"

तिनं कपाटाचा पहिला खण ओढला, मग दुसरा. प्रत्येक जोड पातळ कागदातून सोडवून काउंटरवर मांडला. अट्रॅक्टाचा हात धरून पंज्याचं माप घेतलं, मग दुसऱ्या हाताचंही घेतलं, कारण दोन्ही पंजे कधी सारखे नसतात, असं तिनं समजावून सांगितलं. शिडी लावून वरच्या फळीवरची पेटी उतरवली. बाहेर टोप्या हातात धरलेली माणसं भिजत होती. मागं एक दुधाची गाडी अडकली आणि भोंगा वाजवू लागली. आता लोक दुकानाकडे पाहत नव्हते, शवगाडीकडे पाहत होते. रस्त्यात ताटकळलेला मायलस लाव्हेल सगळ्यांना दिसत होता.

"हे चालतील," अट्रॅक्टा तिसऱ्यांदा म्हणाली.

"शिवण बघून घ्या. घाई नाही. माझे वडील पिठाची पोती उतरून होईपर्यंत थांबले होते."

डीलियानं हातमोजे तपकिरी कागदात बांधले, सुतळीला गाठ मारली, ती नीट बसली नाही म्हणून सोडवून पुन्हा मारली. अट्रॅक्टा पुडकं घेऊन उठली. दारात तिनं मागं वळून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर रडण्याचा मागमूस नव्हता.

"मी तुमच्यापेक्षा पुष्कळ लहान आहे, मिस स्केहिल."

"ठाऊक आहे," डीलिया म्हणाली. "मला याच रस्त्यानं नेतील, मी तसं सांगून ठेवीन. फक्त त्या दिवशी तुमच्या दुकानात गिऱ्हाईक असेल एवढं बघा. रिकामं दुकान बरं दिसत नाही."

अट्रॅक्टानं मान हलवली, दोन दुकानदारणींचा सौदा ठरावा तशी, आणि ती पावसात निघून गेली. इंजिन सुरू झालं. डीलिया काउंटरवर पसरलेले हातमोजे जोडी लावून कागदात ठेवत राहिली, आणि प्रेतयात्रेतला शेवटचा माणूस पुलाकडे वळेपर्यंत तिनं दाराला हात लावला नाही.