प्रिंटर नावाचं विकतचं दुखणं

चंदीगडात आमची तीन मराठी घरं. अधूनमधून जेवायला जमतो. पूर्वी गावाकडच्या आठवणी निघायच्या, हल्ली प्रिंटरचे किस्से निघतात. ते संपतही नाहीत, कारण कुणाच्या ना कुणाच्या घरी तो बंद असतोच.

*

आमच्याकडे प्रिंटर आला तो पूर्वासाठी. आमची एकुलती लेक, कॅनडाला निघाली होती आणि कागदपत्रं काही संपत नव्हती. कुठला घ्यावा म्हणून वानखेडेला विचारलं. नागपूरचा माणूस, पेशाने संशोधक, रिव्ह्यू वाचल्याशिवाय टूथब्रशसुद्धा घेत नाही. म्हणाला, "माझाच घे, डोळे मिटून." घेतला. मग कळलं, त्याचा उन्हाळ्यापासून बंद आहे!

"मग मला का घ्यायला लावलास?"

"एकट्यानंच काय फसायचं बे?"

*

आमचा प्रिंटर तर मुलखाचा आडमुठा. व्हिसाच्या ऐन गडबडीत काळ्या अक्षरांचं एक साधं पान हवं होतं, तर म्हणे पिवळी शाई संपली, छापणार नाही. इंडस्ट्रियल एरियातून मेकॅनिक आणला. त्याने झाकण उघडलं, मिटलं आणि मलाच झापलं. "सर जी, हफ्ते में एक पेज निकाला करो. पड़े-पड़े सूख जाता है." म्हणजे याची सेवाही आपणच करायची.

*

साताऱ्याचे भोसले सरकारी नोकरीत. त्यांनी घरी प्रिंटर घेतलाच नाही. आम्हाला हसायचे. "सगळ्यात भारी प्रिंटर कुठला सांगू? हापिसातला!"

आता रिटायर झालेत. पेनड्राइव्ह घेऊन आमच्या दारात उभे असतात.

*

पूर्वा गेली. आधी रोज फोन यायचा, मग रविवारी, मग जमेल तसा. "बिझी हूँ, मम्मा." मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. पण प्रिंटर अडला की व्हिडिओ कॉलवर तासभर बसायची. "पप्पा, पीछेवाला खोलो. अरे, वो नहीं!" तेवढ्यात माझी बायको माधवी तिला जेवण, थंडी, रूममेट, सगळं विचारून घ्यायची.

शेवटी मी वैतागून तो भंगारात दिला आणि चांगला नवा आणला. एक पान अडलं नाही. पूर्वाचा फोनही आला नाही. माधवी माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. घर नुसतं खायला उठलं.

*

परवा नवाही बंद पडला. आत काहीतरी खडखडत होतं. मेकॅनिकने तो उलटा केला, तर राजम्याचे दाणे टेबलावर पडले.

"सर जी, घर में छोटे बच्चे हैं?"

"नहीं."

त्याने दाणे गोळा करून माझ्या हातावर ठेवले. माधवी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "त्याला म्हणावं, आज नको दुरुस्त करूस. रविवारी पूर्वाला सुट्टी असते."