झाकणावरचा हात

शुक्रवारी सकाळी वहिनींचा फोन आला, तेव्हा मी रविवारच्या विट्याच्या एसटीची वेळ पाहत होते. "हे गेलं गं शालन..." एवढंच त्या म्हणाल्या. मनात पहिला विचार आला तो असा, की आता रविवारी वाचून कुणाला दाखवायचं? त्याची आजही लाज वाटते.

गेला तो दादा, माझा मावसभाऊ. लष्करात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात, हवालदार होता, निवृत्तीनंतर विट्यात राहायचा. मी साताऱ्याची, शाळेतून निवृत्त झालेली. शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा त्यानंच एक जुना लॅपटॉप मिळवून त्यात विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घालून दिलं. फुकटचं ते भिकार, असं मी म्हटलं, तर आठवडाभर बोलला नाही. दर महिन्याला मी विट्याला जाऊन लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचे. चुका काढण्यात तो शाळा तपासनिसाच्या वरताण होता.

वही मिटावी तसं मी लिहिता लिहिता झाकण लावायचे आणि निघायचे. झाकण लावलं की लॅपटॉपनं झोपायचं, ही दादाची शिकवण. पण विट्याला पोचेपर्यंत तो तव्यासारखा तापलेला, बॅटरी संपलेली आणि जतन न केलेली पानं गायब. धक्के लागू नयेत म्हणून मी त्याला शालीत गुंडाळायचे, त्यानं तर आणखीच उकडायचं. दादाच्या टेबलावर मात्र तो शहाण्यासारखा झोपायचा. दोनदा पानं गेली. तिसऱ्यांदा नवं प्रकरण नशिबानं वाचलं होतं, पण मी इतकी चिडले होते की ते न वाचताच, लॅपटॉप तिथंच टाकून परत आले. मला माझी वहीच बरी, असंही ऐकवलं.

महिन्याभरानं, त्या शुक्रवारच्या चार दिवस आधी, त्याचा फोन आला. "लॅपटॉप बिघडला नव्हता गं. तूच त्याला निजू देत नव्हतीस." बिनतारी माउसचा संदेश घेणारा, बोटाच्या पेराएवढा तुकडा मी लॅपटॉपलाच खोचून ठेवायचे आणि माउस त्याच पिशवीत. एसटीत माउस हलला की लॅपटॉपला वाटायचं, मालकीण बोलावतेय. आता माउसच्या हाकेला उठायचं नाही, अशी तंबी दादानं त्याला दिली होती. "ते प्रकरण मी उघडलं न्हाई," तो म्हणाला. "तुज्या तोंडनं ऐकायचं हाय. ये." मी म्हटलं, रविवारी येते.

तेराव्यानंतर वहिनींनी लॅपटॉप दिला, वर एक वही. त्याच्या सरळ, लष्करी अक्षरात तीन प्रवासांची नोंद होती. पहिल्यात लिहिलं होतं, 'कऱ्हाड गार. उंब्रज कोमट. सातारा स्टँड गरम.' टेबलावर बिघाड सापडेना, म्हणून तो माझ्यासारखीच पिशवी भरून एसटीत बसला होता, झाकणावर तळहात ठेवून, तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. साताऱ्याच्या स्टँडवर चहा प्यायचा आणि उलट पावली परत. माझं घर तिथून दहा मिनिटांवर. दुरुस्त झाल्याशिवाय तिच्या दारात जायचं नाही, असं म्हणायचा म्हणे. डॉक्टरांनी हृदयामुळे त्याला प्रवास बंद केला होता, हेही वहिनींनी तेव्हाच सांगितलं. तिसऱ्या प्रवासाची नोंद एका ओळीची होती. 'सातारा स्टँड गार. शालनला सांगणे.'

लॅपटॉप मी साताऱ्याला आणला, पण उघडवेना. गेल्या रविवारी मात्र तो घेऊन विट्याला गेले. माउस त्याच पिशवीत, लॅपटॉप मांडीवर, झाकणावर हात. उंब्रजला गार, कऱ्हाडला गार. त्याच्या खोलीत, रिकाम्या खुर्चीसमोर बसून मी वहिनींना ते प्रकरण वाचून दाखवलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचं. सुट्टीवर आलेला दादा माझी ट्रंक सायकलला बांधून शाळेपर्यंत चालत आला होता, त्याचं.

वहिनी मग म्हणाल्या, "ह्यास्नी ठावं होतं का, तू त्यांच्यावर लिवलंयस ते?"

"नव्हतं," मी म्हटलं.

झाकण लावलं आणि सवयीनं वर तळहात ठेवला. थोड्या वेळानं लॅपटॉप गार झाला, झोपला. मला हात काढवेना...