डाव्या तळहाताचा नेम

शी! माझ्याच हातांची मला किळस येते, हे आधी सांगून टाकते. उजवा तरी थोडंफार ऐकतो, डावा ठार बहिरा. कपाकडे न्यावा तर कपाच्या पुढे जातो, मागे घ्यावा तर नको तितका मागे येतो, आणि ऐन कान धरायच्या वेळी असा थरथरतो की अर्धा चहा साडीवर. मग ते चिकट ओलं मांडीवर घेऊन बसायचं, कुणीतरी येऊन पुसेपर्यंत.

गेल्या वर्षी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले, तिथून हे सुरू झालं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. हात उचल, हा हुकूम मोठा मेंदू सोडतो. मागे, मानेच्या वर लहान मेंदू असतो. तो त्या हुकमावर नजर ठेवून जरा हळू, जरा अलीकडे, असं सांगत राहतो. या दोघांमधल्या वाटेवरच माझी रक्ताची गुठळी बसली. "ताकद शाबूत आहे काकू, दुरुस्ती पोचत नाही," ते म्हणाले. जीभही त्याच वाटेवरची, म्हणून बोलणं जड झालं.

पण हे शुक्रवार पेठेत कुणाकुणाला सांगत बसू? भिंत धरत धरत कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेले, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला डोळा मारून म्हणतो, "काय काकू, सकाळी सकाळीच?" आमच्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही, आणि हा मला दारुडी ठरवतो! मेल्याच्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवलं नाही मी.

खरा वीट आणला तो मोठ्या जाऊबाईंनी. अक्का म्हणतो आम्ही त्यांना. समोरच्याच घरात राहतात. दुपारी यायच्या आणि शेंगाचटणी कुटलेल्या हातानं भाकरी कुस्करून माझ्या तोंडात घास कोंबायच्या. ओठांवरून ओघळलं की आपल्याच पदरानं पुसायच्या. त्या पदराला लसणाचा, घामाचा, मिश्रीचा वास. मला उमासे यायचे. मान फिरवली तर म्हणायच्या, "गप खा की गं, लई नखरे हायत तुजे."

आणि एके दिवशी त्यांनी फर्मान काढलं. "गळ्यातलं लिंग आता देवघरात ठिव. लांबनंच हात जोड. हातातनं पडलं म्हंजी?"

आम्ही लिंगायत. आमच्यात इष्टलिंग गळ्यात असतं. रोज आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. ते खाली पडणं म्हणजे जिवावरचं संकट. मी पाळण्यात असताना माझ्या गळ्यात बांधलेलं लिंग ते. लग्नात माहेर सुटलं, ते सुटलं नाही. आता ते देवघरात ठेवायचं आणि मी पाहुणीसारखा लांबून नमस्कार करायचा? मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले, "अक्का म्हणतात ते बरोबरच आहे." त्या दिवशी ह्यांचंही तोंड बघवेना मला.

डॉक्टरांना फोन केला. हात हवेत धरूच नका, कोपर घट्ट टेकवा, थरथर कमी होईल, म्हणाले. मग दार लोटून मी सराव करू लागले. पाटावर बसायचं, कोपर मांडीवर दाबायचं, तळहातावर लिंबू ठेवायचं. ते गडगडत पलंगाखाली जायचं, मी रांगत जाऊन आणायची. संताप संताप व्हायचा. पण हळूहळू लिंबू टिकू लागलं.

एका सोमवारी न सांगता पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं. हात हलत होता, पण लिंग जागचं हललं नाही. पाणी घातलं, विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं. तेवढ्यात अक्का आत आल्या. बघितलं, आणि समोर बसून माझ्या हाताखाली ओंजळ धरली.

"काढा ते हात!" मी ओरडले. जड जिभेनं काय उमटलं कुणास ठाऊक. त्यांनी हात काढले नाहीत.

पूजा आटोपली. लिंग गळ्यात परत ठेवायला मी हात उचलला, आणि कोपर मांडीवरून सुटलं. हात भलतीकडेच गेला.

लिंग अक्कांच्या ओंजळीत पडलं.

अक्कांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं, एकेक करून माझी बोटं मिटवली आणि वरून आपले दोन्ही हात दाबून धरले. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "झाली का पूजा? नीट?"

"झाली की," अक्का म्हणाल्या. "हात बी हलला न्हाय तिचा."

त्यांच्या बोटांना लसणाचा तोच घाणेरडा वास येत होता. मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर मीच खिडकीतून हाक मारली, "अक्का, या, ओंजळ धरायला. आणि आधी साबणानं हात धुऊन या!"