टोळीचा खेळ

अंबाजोगाईत डी. फार्म.ला असताना मी एक खेळ बनवला होता. मोबाईलवर परदेशी मुलांचे व्हिडिओ बघून ते वेड डोक्यात शिरलं. चारपाच जण बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि अवघड प्रसंगी काय घडणार ते फासा ठरवतो. त्यांच्या गोष्टींत राक्षस नि किल्ले असायचे. मला आपल्याकडची गोष्ट हवी होती.

खोलीतली मैत्रीण पाटोद्याकडची. तिचे आईवडील दर साल टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे. मी शिक्षकाची मुलगी, कोयता कधी हातात धरलेला नाही. "टोळीवरच करू या खेळ," मी म्हणाले तेव्हा ती हसली.

"त्यात कसला आलाय खेळ? लई कष्टाचं काम हाय ते."

पण मग तीच रंगली. राहायला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, कशी उभारतात, मोळ्या कोण वाहतं, मुकादम कुणाला वचकून असतो, सगळं तिनं सांगितलं. प्रत्येक माणसाला बळ, बोलणं आणि धीर असे तीन गुण आम्ही ठरवले. "अन् झोप," ती म्हणाली. "बायांना झोप कमी दे." तो आमच्या खेळातला सगळ्यात चांगला नियम होता.

एकदा कपडे वाळत घालताना तिनं सांगितलं, ती सात वर्षांची असताना तिची धाकटी बहीण कोपीत साप चावून गेली. आई उसाच्या फडात होती आणि ही पाणी आणायला गेली होती. एवढं बोलून तिनं बादली उचलली आणि आत गेली.

मी तेव्हा संकटांची यादी लिहीत होते. फाशाच्या सहा आकड्यांना सहा संकटं हवी होती, पाच सुचली होती. सहावं मी तिला न विचारता लिहिलं. त्यानं खेळ खरा वाटेल, असं मला वाटलं.

रविवारी दुपारी शेजारच्या खोलीतल्या दोघींना घेऊन आम्ही बसलो. लुडोचा फासा होता. एकीला सहा पडला. मी आवाज जड करून वाचलं, "कोपीत झोपलेल्या तुझ्या लेकीला साप चावला."

"ए, हे न्हाई हं! मी परत टाकते." ती ओरडली. दुसरी हसली, मीही हसले. धीराचा एक गुण देऊन फासा परत टाकता येत होता, तसा नियमच होता.

मैत्रिणीनं हातातला कागद खाली ठेवला. "तुला मी हे काहून सांगितलं?"

"अगं, तुझं नाव कुठं घातलंय?" मी म्हणाले.

ती चप्पल घालून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी मी ते पान फाडून तिला दाखवलं. "राहू दे," ती म्हणाली, "खेळ चांगला हाय तुझा." परीक्षेपर्यंत आम्ही त्याच खोलीत राहिलो. तिनं नोट्स दिल्या, तापात मला भात करून घातला. घरचं मात्र पुन्हा काही सांगितलं नाही.

पुढं नवे खेळ बनवण्याच्या एका स्पर्धेत मी तो खेळ पाठवला. झोपेच्या नियमाचं परीक्षकांनी खास कौतुक केलं. अर्जावर नाव माझ्या एकटीचं होतं.

मागल्या वर्षी ती गेवराईच्या स्टँडवर भेटली. तिचं स्वतःचं मेडिकल आहे आता. मुलांबद्दल, दुकानाबद्दल बोललो. "तो खेळ पुढं केलास का ग?" तिनं सहज विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

तिची गाडी लागली होती. मी तिची पिशवी वर दिली आणि बाजूला झाले.